बाहेरनं फोटो कोण काढतंय

निपाणीतल्या आमच्या विडी कारखान्याच्या पडवीत
शिराळकर दिवाणजींनी टीव्ही आणून ठेवला, त्या संध्याकाळपुरता.
भिजवलेली पानं थांबत नाहीत कुणासाठी,
म्हणून बायकांनी मांडीवर सूप घेऊनच चंद्राकडं बघितलं.

मी दहावीत. मला हिंदी येतं
असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.
"काय म्हणतोय गं त्यो?"
दूरदर्शनवरचा माणूस म्हणत होता, ऐतिहासिक.
पुन्हा ऐतिहासिक. सात वेळा मोजलं, मग सोडलं.
ऊर्ध्वाधर वेग आला तेव्हा मला काही सुचेना.
म्हटलं, विहिरीत घागर सोडतात तसं,
दोर थोडा थोडा देत.
"आणि दोर कुणाच्या हातात?" बाळाक्का.
कुणाच्याच नाही. आता ते आपलं आपण उतरणार.
"आई गं," बाळाक्का म्हणाली
आणि तिच्या विडीचा दोरा तुटला.

पडद्यावर सोनेरी कागदात गुंडाळलेलं यान,
मागं पृथ्वी, खाली खड्डेच खड्डे.
रेहानाचे हात चालूच होते, मान तेवढी वर झाली.
"हे एकटंच गेलंय न्हवं?
मग बाहेरनं फोटो कोण काढतंय?"

दिवाणजी हसले. चित्र आहे ते, कॉम्प्युटरचं.
"मग खरं कुठाय?"
खरं म्हणजे कोपऱ्यातली ती हिरवी रेघ, मी म्हटलं,
आणि तेवढ्यात कॅमेरा वळला
कुठल्याशा हॉलमधल्या पहिल्या रांगेकडं.
कोटवाले, टाळीसाठी हात आधीच वर आणलेले.
रेघ गेली.
"सरका की जरा," सुगंधा टीव्हीला म्हणाली,
एसटीत पुढच्याला म्हणावं तसं.

सारा देश श्वास रोखून बसला आहे.
हे मला सोपं गेलं, जसंच्या तसं सांगितलं.
मल्लव्वाला खोकल्याची उबळ आली.
बावीस वर्षांचा जर्दा त्या छातीत,
श्वास रोखायचा म्हटला तरी तो तिचं ऐकत नाही.
पहिल्यांदाच सगळ्यांचे हात थांबले,
तिची उबळ सरेपर्यंत.

मग लाईट गेली.

ड्रॉवरमधून रेडिओ निघाला.
सांगलीवर कुणीतरी हळदीच्या भावाबद्दल बोलत होतं.
काटा सरकवला. मधे दोन बोटं नुसती खरखर,
दोन्ही राज्यांनी सोडून दिलेली.
मग धारवाड.
मला कानडी यायचं पेपरातल्या छत्तीस मार्कांपुरतं,
आणि हा माणूस तर धावत बोलत होता.
अंधारातच सगळ्या मल्लव्वाकडं वळल्या.
तिनं पदरानं तोंड पुसलं.
"आठशे मीटर... दीडशे... थांबलंय म्हणं.
जागा बघाय लागलंय."
"बसाय?"
"होय, बसाय."
रेडिओतला माणूस गप्प झाला.
मग म्हणाला, इळीतु.

मल्लव्वानं लगेच सांगितलं नाही.
दोन सेकंद, तीन असतील,
ती बातमी तिच्या एकटीची होती.

"उतरलं."

त्याच उन्हाळ्यात स्टँडवरच्या पाट्यांना डांबर फासलं होतं,
यांच्या पाटीला त्यांनी, त्यांच्या पाटीला यांनी.
ते त्या रात्री कुणाला आठवलं नाही.
सकाळी आठवलं.
बॅटरीच्या उजेडात दिवाणजींनी पेढे वाटले
आणि त्याच उजेडात माझ्या आईच्या विड्यांतली
तीन कट्टे छाट काढून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या पेपरात आणि हुबळीच्याही
तेच सोनेरी यान, तीच मागं पृथ्वी.
भाकरी बांधायच्या आधी रेहानानं कागद उलटासुलटा केला.
"खाली बारीक अक्षरात फोटोवाल्याचं नाव असतंय न्हवं?
बघ की."
मी बघितलं.
नव्हतं.